तंबूच्या जागेचा ढाळ

आमचा वेलचेरीचा घरमालक कुठल्याही नव्या जागी गेला की आधी तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचा. मग कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, ते पाणी कुणीकडं जातंय ते बघत उभा राहायचा. लग्नाचं कार्यालय असो, बँक असो, कुणाची वास्तुशांत असो. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर आणि हा खाली पहिल्या रांगेत पाणी ओतून बसलेला. नवरीची मावशी घसरली. तिला उठवायचं सोडून हा म्हणतो, "पाहिलांत? स्टेजकडेच आलें. मी म्हणत होतों."

तोंडावर मी त्याला मालक म्हणायचो, अहो-जाहो करायचो. माघारी अरे-तुरे. आता लिहितानाही तेच करतोय. तो मला सातारकर म्हणायचा. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा वळणदार काही जमायचं नाही.

पाणी ओतणं हा त्याचा धंदाच होता. चेन्नईत घरांच्या गच्च्या सपाट. पाणी साचलं की खालच्या खोलीत गळतं. म्हणून वर फरशी बसवताना तिला एका कोपऱ्याकडं ढाळ काढतात, पाणी आपोआप वाहून जाईल असा. हा माणूस चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्यांना ढाळ काढून देत होता. काम संपलं की गच्चीवाल्याला वर बोलवायचा, एक कुडम म्हणजे घागरभर पाणी ओतायचा, आणि शेवटचा थेंब कोपऱ्यातल्या नळीत गेल्याशिवाय कॉफीला तोंड लावायचा नाही. "माणूस खोटें बोलतो, पाणी नाहीं," हे त्याचं कायमचं वाक्य.

आणि अशा माणसाचं स्वतःचं घर कुठं? तर वेलचेरीत, जुन्या तळ्याच्या पोटात. "माझ्या वडिलांनीं जागा पाहिली, पाणी पाहिलें नाहीं," असं तो सांगायचा, दुसऱ्याच कुणाच्या वडिलांची चूक सांगावी तसं.

तो तंजावरकडचा मराठी. किती पिढ्यांपूर्वी त्याची माणसं इकडं आली ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं. लग्न केलं नव्हतं. खाली तो एकटा, वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. मी, माझी बायको, मुलगा आणि सून. मुलगा सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मी पुण्याकडं कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालो आणि मुलाच्या मागं आम्ही दोघं इथं आलो. घर बघायला गेलो तेव्हा मालकानं ना नोकरी विचारली ना जात. म्हणाला, "आपण जेवलांत कां? मग आधीं वर चला, गच्चीचा ढाळ पाहा." बायको माझ्या कानात म्हणाली, "आवं, हा माणूस पोथी वाचल्यागत बोलतोय."

इथंच सांगून टाकतो. माझ्या बायकोला डोंगर बघायचा होता. बसल्या जागी, हातात चहा घेऊन, सकाळचा. एवढंच मागितलं होतं तिनं. ते झालं नाही, ती आधी गेली. कुणामुळं राहिलं असं कुणी विचारलं की मी बरेच महिने मालकाचं नाव घ्यायचो.

ती माझ्यासारखीच साताऱ्याकडची, अगदी घाटाच्या पायथ्याची. दारात उभं राहिलं की समोर डोंगर, मागं डोंगर. चेन्नईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "हितं डोळ्याला टेकायला काय न्हाई वो." मी म्हणालो, "भिंत आहे की." मी असंच बोलायचो.

मालकाची आणि तिची गट्टी जमली ती पुरात. वेलचेरीत पाणी येतंच, पण त्या वर्षी खालच्या मजल्यात छातीपर्यंत आलं. मालक एक तांब्या, एक पिशवी आणि कॉफीचं भांडं घेऊन आमच्याकडं वर आला आणि तीन दिवस आमच्या दिवाणावर राहिला. तिनं त्याला पिठलं-भाकरी घातली. पहिली भाकरी त्यानं उलटी-पालटी करून बघितली आणि विचारलं, "हिला भोंक नाहीं कां पाडत? तूप साचून राहतें." ती इतकी हसली की तवा हातातून सुटला. तेव्हापासून ती त्याला भाऊ म्हणायला लागली आणि तो तिला अक्का. हा एक शब्द आमच्याकडंही होता आणि त्यांच्याकडंही, त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

पाणी उतरल्यावर एका संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर बसलो होतो. मावळतीकडं विमानतळाच्या बाजूला एक टेकाड दिसतं. मालक मोठ्या कौतुकानं म्हणाला, "अक्का, तुम्हांला मलै पाहिजे ना? तो पाहा मलै." मलै म्हणजे डोंगर.

ती बघत राहिली. म्हणाली, "भाऊ, ह्याला डोंगर म्हणता व्हय? आमच्याकडं असल्यावर हरभरं वाळत घालत्यात."

मालकाला ते फार लागलं. "मग डोंगर कोणाला म्हणावें?"

"बघताना मान मोडली पायजे."

"मान मोडली पाहिजे," त्यानं खिशातली वही काढून लिहून घेतलं. "आणखी?"

"आणखी काय. गुडघं गेल्यात माझं. चढायचं न्हाई. बसल्या जागी दिसला पायजे. सकाळी च्या पिताना."

"सरी," मालक म्हणाला, म्हणजे बरं. "मी जागा पाहतों."

ही त्याची पहिली चूक. आपल्याकडं माणूस 'बघतो' म्हणाला की विसरतो. हा बघायला लागला.

कुणीतरी त्याला सांगितलं की निलगिरीत, आनैमलैकडं, मोठमोठी राष्ट्रीय उद्यानं आहेत, आणि उद्यानाच्या आत नाही पण कडेला चहाच्या मळ्यांत तंबू लावून राहायची सोय करतात. तंबूचं दार उघडलं की डोंगर. झालं. रोज सकाळी कॉफी झाली की हा जिन्याच्या पायरीवर बसून एकेका कॅम्पवाल्याला फोन लावायचा. आवाज असा, की फोनची गरजच नव्हती. बोलणं तमिळमध्ये, पण इतक्या वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं.

"तुमच्याकडे कुडम आहे कां? आहे? भरून आणा. तंबूच्या जागेवर ओता. हो, आतां. मी फोन धरतों. ओतलें? कोणीकडे गेलें?"

पलीकडचा काहीतरी सांगायचा.

"खालीं गेलें हें मलाही ठाऊक आहे. पाणी वर जाईल कां? तंबूच्या डोक्याकडून पायाकडे गेलें, कां पायाकडून डोक्याकडे?"

असे एकवीस प्रश्न होते. वहीत लिहून काढलेले. हत्ती येतात का, हा सातवा. "इथं हत्ती येतच नाहीत सार," असं कुणी म्हणाला की हा फोन ठेवायचा. "जंगलाच्या कडेला राहतो आणि हत्ती नाहीं म्हणतो. खोटा माणूस. नापास." एकजण म्हणाला, येतात, पण कळवून येत नाहीत. त्याला ह्यानं पास केलं. मग कळलं त्याच्याकडं शेकोटीभोवती मोठमोठ्यानं गाणी लावतात. "हत्ती येतो तो ह्याला गप्प करायला," मालक म्हणाला, आणि तोही नापास.

संडास किती पावलांवर, हा अकरावा प्रश्न. ह्याच्यासाठी त्यानं माझ्या बायकोला गच्चीवर चालवली. घालायच्या त्याच चपला घालून, या टाकीपासून त्या टाकीपर्यंत. हा मागं-मागं मोजत. चाळीस पावलांवर ती थांबली आणि गुडघ्यावर हात ठेवला. "चाळीस," ह्यानं लिहून घेतलं. "एकेचाळिसावें पाऊल असेल तर नापास." पायऱ्या तीनपेक्षा जास्त नकोत. बसायचं कमोड पाहिजे. ती नेहमी बसायची ती लाल प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर तिला बसवून ह्यानं शिंप्याची टेप घेतली आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कॅम्पवाल्याला सांगणार. ह्याच उंचीवर फोन धर आणि फोटो काढ. तो उभा राहून फोटो काढील, आणि अक्का बसून पाहणार. मध्यें झुडूप आलें तर?"

मी म्हणालो, "मालक, माणूस चंद्रावर गेला तेव्हा त्यानं एवढं विचारलं नव्हतं."

"म्हणूनच तेथें राहतां आलें नाहीं," तो म्हणाला.

मग तंबूची तालीम. पुतण्याकडून एक तंबू मागून आणला आणि गच्चीवर लावला. भर दुपारी, चेन्नईच्या उन्हात. मी आत शिरलो आणि चेन अडकली. मी आत, घामानं निथळतोय, आणि बाहेर मालक शांतपणे पाणी ओतून बघतोय की आत येतंय का. आलं. थेट माझ्या बनियनखाली. "सातारकर, कोणत्या बाजूनें आलें तें सांगा, मग बाहेर या!" समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत गोळा झाली. नंतर गल्लीत बोभाटा झाला की मराठी भाडेकरूंनी म्हाताऱ्या मालकाला घराबाहेर काढलं, बिचारा गच्चीवर तंबूत राहतो. पेपरवाला मला महिनाभर तिरक्या नजरेनं बघायचा.

ती मात्र त्या दिवशी खुशीत होती. तिनं तिथंच बारक्या शेगडीवर पिठलं केलं. लाल खुर्चीत बसून टेकाडाकडं तोंड करून खाल्लं. म्हणाली, "झाला बगा माझा क्यांप."

तिसऱ्या वर्षी ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. मालक माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या धंद्यातला शब्द होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डात आला तो तांब्या घेऊनच. तिच्या खाटेपाशी पाणी ओतलं. नर्स अशी ओरडली की अख्खा वॉर्ड जागा झाला. हा फडक्यानं पुसत पुसत म्हणतो, "सिस्टर, ओरडूं नका, खाट हलवा. फरशीचा उतार अक्काच्या डोक्याकडे आहे." खाट काही हलवली नाही. पण ती हसली. नाकात नळी असताना माणूस हसतं ते बघवत नाही. मला म्हणाली, "भाऊंना ओरडू नगा वो."

नवव्या दिवशी गेली.

जन्मभर मी हिला 'ही' म्हणालो. आता 'ती' म्हणावं लागतं. लिहिताना जमतं, बोलताना तोंड वळत नाही.

तेराव्याला घरात माणसं होती. जेवणं झाली, आणि मालक पान घेऊन दारात बसला होता, आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दोन वर्षं पाणी ओतत बसला तुम्ही. ढाळ बघितला, पावलं मोजली, हत्ती मोजले. माझ्या बायकोला डोंगर तेवढा दाखवला नाही. तुमच्या वहीपायी ती तशीच गेली."

मालकानं पान खाली ठेवलं. म्हणाला, "सरी." आणि खाली निघून गेला.

मग सहा-सात महिने आमचा अबोला. एका जिन्यानं ये-जा, पण मी भिंतीकडं बघून उतरायचो. मुलगा म्हणायचा, बाबा, असं नका करू. मी म्हणायचो, तू तुझा कॉम्प्युटर बघ. दिवसभर घरात बसायचो. टीव्ही लावायचो आणि त्याचा आवाज बंद करायचो.

दिवाळी झाली. एक दिवस दार वाजलं. मालक. हातात वही.

"सातारकर, जागा पास आहे. गुरुवारीं निघायचें."

"कुणासाठी?"

"कोणासाठीं असें मी म्हणालों नाहीं. जागा पास आहे म्हणालों."

मी दार लावून घेणार होतो. पण खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणी नीट भांडलंही नव्हतं. मुलगा-सून जपून बोलायची, आजारी माणसाशी बोलतात तसं. म्हटलं चला, भांडायला तरी माणूस मिळेल.

गुरुवारी स्टेशनवर बघतो तर ह्याच्या खांद्याला पिशवी, पिशवीत तांब्या, आणि पाठीवर सुतळीनं बांधलेली तिची लाल खुर्ची.

"ही कशाला?"

"जागा हिच्यावरून पास झाली आहे. दुसऱ्या खुर्चीवरून डोंगर दिसेल कीं नाहीं, मी हमी देणार नाहीं."

गाडीत टी.सी. आला. त्यानं खुर्चीकडं बोट केलं. "ही कुणाची?"

"अक्काची," मालक म्हणाला.

"त्या कुठं आहेत?"

"त्या नाहींत."

"मग खुर्ची कुठं चाललीय?"

"डोंगर पाहायला."

टी.सी.नं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं. बिचारा काही न लिहिता पुढं गेला.

मेट्टुपाळैयमपासून बस. घाट चढायला लागला तसं मालकानं डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट धरलं. माझ्या हातावर त्याची नखं उमटली. अबोला तिथंच मोडला, कारण मला बोंबलावं लागलं.

"काय हो, घाटाला भिता? याआधी कुठल्या डोंगरावर गेला होता?"

"कोठेंच नाहीं."

"तिरुपतीला तरी?"

"गाडी चढूं लागली कीं डोळे मिटतों. देवळापाशीं उघडतों."

मी थक्क झालो. "म्हणजे तुम्ही जन्मात डोंगर बघितला नाही? आणि दोन वर्षं लोकांना शिकवत होता?"

डोळे मिटलेल्याच अवस्थेत तो म्हणाला, "गच्ची बांधणारा गच्चीवर झोपतो कां?"

कॅम्पवर जीप थांबली. मळ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाची हद्द सुरू होते तिथं, चार तंबू. एक बाई तो कॅम्प चालवायची, साठीच्या पुढची, डोक्याला स्कार्फ. मालकानं डोळे उघडले. समोर पांढरं. चार तंबूंतले दोनच दिसत होते, बाकी सगळं पांढरं.

"अय्यो," तो म्हणाला. "एवढ्या वर कोण धूर मारतो? डास आहेत कां?"

चेन्नईत डासांसाठी गल्लीतून धुराची गाडी फिरते. त्याला वाटलं तीच इथवर आलीय. मी कपाळाला हात लावला. एकवीस प्रश्न! ढाळ, हत्ती, कमोड, झुडूप, सगळं विचारलं होतं. धुक्याचा प्रश्नच नव्हता. वेलचेरीत जन्म काढलेला माणूस, त्याच्या डोक्यात ते येणार कुठून? आणि आमच्या घाटात चार-चार महिने डोंगर धुक्यात बुडतो, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण मी ते एकवीस प्रश्न कधी ऐकलेच नव्हते. तो वाचायला लागला की मी जांभई द्यायचो.

बाई म्हणाली, "सार, डोंगर समोरच आहे. ह्या दिवसांत दिसेलच असं नाही."

मालकानं तांब्या काढला. पाणी ओतलं. ते तंबूला वळसा घालून सरळ चहाच्या झाडांत गेलं. संडासापर्यंत चालून बघितलं. अडतीस पावलं. एकवीसच्या एकवीस उत्तरं खरी निघाली. मग त्यानं लाल खुर्ची सोडवली, मांडली, मागं जाऊन बघितलं, चार बोटं डावीकडं सरकवली.

"बसा."

"मी नाही बसत."

"गुडघे तुमचेही गेले आहेत. बसा."

मी बसलो. समोर पांढरं. तो दिवस गेला, दुसरा गेला. मालक वही उघडायचा, एक डोळा धुक्याकडं, आणि पुटपुटायचा, "बाविसावा प्रश्न. बाविसावा राहिला." दुसऱ्या दिवशी जेवला नाही. बाई मला म्हणाली, तुमच्या भावाला बरं नाही का?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी दगडावर बसला. बारा वाजता आमची परतीची जीप होती.

"माझी चूक," तो म्हणाला. "अक्का आली असती तर फसगत झाली असती."

तेव्हा मला राहवलं नाही. जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते आता सांगतो.

ही जागा नवी नव्हती. ती असतानाच पास झाली होती. ह्याच बाईनं, मोजलेल्या उंचीवर फोन धरून फोटो पाठवला होता. उन्हाळ्याचे दिवस, धुक्याचं नाव नव्हतं त्यात. बायकोनं तो फोटो लाल खुर्चीत बसून बघितला होता, मान मागं टाकून, जसा काही तो डोंगर फोनमधून वर चाललाय. म्हणाली होती, "जाऊ या वो." आणि मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी मालक परत आला, जागा धरून ठेवलीय म्हणाला. मी परत म्हणालो, पुढच्या वर्षी. कारण? कारण काही नाही. आमच्या गावाबाहेर पालं ठोकून राहणारी माणसं यायची, माझा बाप त्यांना हाकलायचा. पोराची एवढी नोकरी असताना मी म्हातारपणी पालात झोपू? गावाकडं कळलं तर? एवढ्यासाठी. तिनं दोन्ही वेळा स्वेटर बाहेर काढला होता. दोन्ही वेळा परत ट्रंकेत ठेवला.

मी म्हणालो, "मालक, चूक तुमची नाही. मीच नाही म्हणालो होतो."

"ठाऊक आहे. दोन्ही वेळां फोन करून नाहीं सांगणारा मीच."

"मग तेराव्याला बोलला का नाही? एवढ्या माणसांत मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

तो थोडा वेळ तांब्याशी चाळा करत बसला.

"तुमच्या घरांत तेव्हां पाणी शिरलें होतें," तो म्हणाला. "घरांत पाणी असतांना कोणी ढाळ काढतो कां? पाणी उतरूं द्यावें लागतें."

मग उठला. "येतों. अडतीस पावलें." आणि संडासाकडं गेला.

मी एकटा बसलो होतो. चहा निवला होता. आणि समोरचं पांढरं खालून फाटलं. आधी काळी झाडी दिसली, मग गवत, मग कातळ, मग आणखी कातळ. मला वाटलं झाला डोंगर, तर त्याच्यावर आणखी निघाला. मान मागं गेली. मोडलीच. आमच्या घाटापेक्षा मोठा. तिला एवढा लागलाही नसता. निम्म्यात भागलं असतं तिचं.

हाक मारायला पाहिजे होती. मी मारली नाही. किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. मग एकदम ध्यानात आलं आणि ओरडलो, "मालक! ओ मालक!" तो लुंगी सावरत, चपला हातात घेऊन पळत आला. तोवर सगळं मिटलं होतं.

"दिसला?"

"दिसला."

"मान?"

"मोडली."

त्यानं वही उघडली, समोर बघितलं पांढऱ्याकडं, आणि लिहिलं, 'पास'. वही मिटली. "सरी. चला, सामान आवरूं. मी पुढच्या वर्षीं पाहीन."

पुढच्या वर्षी! हे तर माझंच वाक्य. मी उठलो, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला लाल खुर्चीत दाबून बसवलं.

"बसा हितं. जीप गेली तर जाऊ द्या. डोंगर दिसल्याशिवाय उठायचं नाही. लघवी लागली तरी उठायचं नाही."

"अहो सातारकर, रेल्वेचें बुकिंग..."

"गप बसा!"

जीप आली, हॉर्न वाजवला, बाईनं तिला परत पाठवली. मालक खुर्चीत, मांडीवर तांब्या, मी मागं उभा, त्याचे खांदे धरून. पळून जाईल की काय अशा भीतीनं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा परत एकदा खालून फाटायला लागलं. झाडी. गवत. कातळ. त्याची मान हळूहळू मागं यायला लागली, आणि शेवटी माझ्या पोटाला टेकली.

त्यानं नजरेनं शेंड्यापासून पायथ्यापर्यंत एक फेरी मारली. मग म्हणाला, "अय्यो, सातारकर."

"काय?"

"ढाळ पाहा. ढाळ!"

मी बघितला. तांब्यातलं पाणी त्या दिवशी तसंच राहिलं, त्यानं ते ओतलं नाही.